कमी दिवसांच्या बाळासाठी गाणं: काचेच्या पेटीपासून घरच्या पाळण्यापर्यंत

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षाच्या, दाराबाहेर थोडा वेळ उभं राहा. बाप कागद घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतोय, आजी बाकावर बसलीय, आणि आई पिळून काढलेलं दूध सिस्टरच्या हाती देऊन पुन्हा आपल्या कॉटवर चाललीय. "बाळ काचेत आहे, सिस्टर बघतात, तू आराम कर," असं तिला जो तो सांगतो. तिला आराम पडत नाही. हाताला काहीतरी काम हवं असतं. दूध काढणं आणि कांगारू, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरणं, ही दोन कामं आता बहुतेक ठिकाणी शिकवतात. तिसरं काम, बाळाजवळ बसून हलक्या आवाजात गाणं, हे फारसं कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

संगीतोपचार म्हटलं की हेडफोन, स्पीकर, मोबाइलवरची "बेबी स्लीप म्युझिक"ची तासभराची क्लिप असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. यातलं काही विकत घेऊ नका. लागतो तो आईचा किंवा बापाचा आवाज, आणि तोही बेताचा.

यातून काय मिळतं, काय मिळत नाही

२०१३ साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या जोआन लोवी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. ११ रुग्णालयांतली २७२ बाळं त्यात होती. प्रत्येक बाळाला वेगवेगळ्या वेळी हृदयाच्या ठोक्यासारखा लाकडी वाद्याचा नाद, गर्भाशयातल्या सळसळीसारखा आवाज, आणि आईबापांनी स्वतः निवडलेलं, त्यांच्या घरातलं गाणं अंगाईसारखं गाऊन ऐकवलं. बाळांच्या हृदयाची धावपळ कमी झाली, चोखण्यात फरक पडला, आणि आईबापांचा ताण उतरला.

हे वाचून हुरळून जाऊ नका. २०२३ साली अर्जेंटिना, कोलंबिया, इस्रायल, नॉर्वे आणि पोलंड या पाच देशांतल्या दोनशेहून जास्त कुटुंबांवरच्या 'लाँगस्टेप' चाचणीचे निकाल आले. आईबाप गात होते, शिकवायला प्रशिक्षित संगीतोपचारक होते, तरी आई-बाळाच्या जवळिकीत मोजण्याइतका फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्याचा) सूरही सावध आहे: गाण्यानंतर बाळाच्या हृदयाचे ठोके खाली येतात, ऑक्सिजन काही वाढत नाही, आणि अपाय झाल्याचं दिसत नाही.

म्हणजे गाण्यानं वजन वाढेल, सुट्टी लवकर मिळेल, मेंदू तल्लख होईल असं कुणी सांगत असेल तर ते सोडून द्या. बाळ थोडा वेळ निवांत होतं आणि आईला आपलं मूल आपलं वाटू लागतं, एवढ्यासाठी गायचं. माझ्या मते तेवढं पुरे आहे.

आधी आठवडे मोजा

३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं ते कमी दिवसांचं बाळ. पण गाण्यासाठी जन्माच्या दिवसाचे आठवडे धरायचे नाहीत, आजचे धरायचे. २९ व्या आठवड्यात झालं आणि जन्मून तीन आठवडे झाले, तर ते आज ३२ आठवड्यांचं आहे. डिस्चार्जनंतरही हाच हिशेब कामाला येतो.

जाता जाता एक गोष्ट. बाळ आठव्या महिन्यात झालं असेल तर कुणीतरी हमखास म्हणतं, "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही." साफ चूक. पोटात जितके दिवस जास्त, तितकी फुप्फुसं तयार, तितका धोका कमी. म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करा. आईच्या कानावर हे वाक्य पडलं की ते दिवसेंदिवस निघत नाही.

पोटातल्या बाळाला साधारण २५ ते २८ आठवड्यांच्या सुमारास आवाज जाणवू लागतो. तिथे बाहेरचे कर्कश, उंच आवाज गाळून पोचतात. आईचा आवाज मात्र तिच्या हाडांतूनही जातो, त्यामुळे तो बाळाच्या ओळखीचा असतो. पेटीत आल्यावर सगळं उलटं होतं: अलार्म, सीपॅपची (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची) बुडबुड, टेबलावर आपटलेला ट्रे, आणि ओळखीचा तो एक आवाज मात्र नाही.

२८ आठवड्यांच्या आत किंवा बाळ व्हेंटिलेटरवर, नाजूक असेल तर गाऊ नका. जवळ बसा, सिस्टर म्हणाल्या तर हात ठेवा, बस. २८ ते ३२ मध्ये नुसतं गुणगुणणं, तेही दोन-चार मिनिटं, आणि त्या वेळी हात लावायचा नाही, डोलवायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट. ३२ नंतर गुणगुणण्यासोबत स्थिर हात चालतो. ३४ च्या पुढे बाळ ठीक असेल तर शब्दांसह गाणं, मांडीवर हलका झोका, असं वाढवत न्या. हे आकडे अंदाजाला आहेत. शेवटचा शब्द तुमच्या बाळाच्या डॉक्टरांचा.

विचारल्याशिवाय सुरू करू नका

२०१७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एसएनसीयूसाठी 'फॅमिली पार्टिसिपेटरी केअर'च्या सूचना काढल्या. आईबापांना आत घेऊन, शिकवून बाळाच्या कामात सामील करावं, असं त्यात आहे. त्यामुळे "मला आत बसू द्या" म्हणताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका. पण राउंड चालू असताना किंवा शेजारचं बाळ अवघडलेलं असताना विचाराल तर उत्तर 'नाही' येईल. ड्युटी बदलून तासभर झाला की सिस्टरला जरा उसंत असते, तेव्हा विचारा: आज बाळाला हात लावू नये असं काही आहे का? दूध कधी देणार? मी बाळाजवळ हळू गुणगुणले तर चालेल का, आणि थांबायचं कधी ते तुम्ही सांगाल का? हा शेवटचा प्रश्न विचारलात की सिस्टर तुमच्या बाजूच्या होतात.

वेळ निवडताना गाढ झोपेतल्या बाळाला गाण्यासाठी उठवू नका. झोपेतच ते वाढतं. दुधाच्या थोडं आधी ते स्वतःहून चुळबुळ करतं, ती वेळ चांगली. नळीनं दूध चाललं असताना गुणगुणलं तरी चालतं.

गाण्याआधी गोंगाट कमी करा

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९७ सालीच सांगून ठेवलंय की अशा विभागात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे पेटीशी उभं राहून "जेवण आलं का गं?" विचारलं तरी मर्यादा ओलांडली.

पेटी बाहेरून बंद दिसते, म्हणून आत आवाज जात नसेल असं वाटतं. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी रिकाम्या पेटीच्या, हात घालायच्या झरोक्यात कान नेऊन कुणाला तरी झाकणावर बोटानं टकटक करायला सांगावं. आत ती टकटक घुमते. झरोक्याचं दार खट्‌कन लावलं तर त्याहून वाईट. म्हणून दार लावताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी खिट्टी धरून, दाबत बसवायचं. झाकणावर फाइल, दुधाची वाटी, मोबाइल काही ठेवायचं नाही.

आणि बांगड्या. बाळंतिणीच्या हातात काचेच्या बांगड्या भरलेल्या असतात. हात आत घातला की त्या झरोक्याच्या कडेला घासतात आणि किणकिणतात. बाहेर गोड वाटणारा तो आवाज आत बाळाच्या डोक्याशी असतो. जंतुसंसर्गामुळे कोपरापर्यंत काही नको हा नियम आहेच. आजी म्हणतील ओका हात बरा दिसत नाही. बांगड्या काढून पिशवीत ठेवा, वॉर्डात परत आल्यावर घाला, कुणाचं काही अडत नाही.

कुठलं गाणं

तुमच्या घरातलं. आईला जे न आठवता येतं ते. अंगाईच हवी असं नाही. हरिपाठातला अभंग, जात्यावरची ओवी, जुनं सिनेमातलं गाणं, काहीही चालेल, फक्त ते उतरवून घ्यावं लागतं. आमच्याकडे खानदेशात आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या पोरी निंबाला झोके बांधून जी गाणी म्हणतात, ती यासाठी फार सोयीची. त्यांची चाल मुळात झोक्याची, चार-पाच सुरांत फिरणारी, ओळ परत परत येणारी. गुलाबाईच्या सणाची टिपऱ्यांवरची गाणी मात्र आहेत तशी नकोत, ठेका फार उडता असतो.

उतरवायचं असं. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघा आणि एका सेकंदाला एक ठोका धरा. त्याहून जलद नको. पट्टी खाली आणा, इतकी की ओरडता येणारच नाही. वरच्या सुरांची ओळ असेल तर ती गाळा. गाण्यातली एक-दोनच कडवी ठेवा आणि तीच फिरवा. टाळ, टाळी, चुटकी, खुळखुळा काही नाही.

भाषेची लाज सोडा. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या आया सिस्टरसमोर पावरीत किंवा भिलीत गायला बिचकतात, आणि अहिराणी बोलणाऱ्या आया उगाच पुस्तकी मराठीत सुरू करतात. बाळानं पोटात जी भाषा ऐकली तीच त्याची. गाणं सुचतच नसेल तर आपली एक ओळ करा: "नीज रे मना राजा, तुनी माय आठेच शे" (नीज रे माझ्या राजा, तुझी आई इथेच आहे). हीच ओळ तीन सुरांत दहा वेळा म्हटली तरी झालं.

बसायचं कसं, सुरू कसं करायचं

हात धुवा, कोरडे करा. स्टूल पेटीशी असं घ्या की तुमचं तोंड झरोक्यापासून हातभर अंतरावर राहील. थेट कानाशी तोंड नेऊन गायचं नाही. आधी काहीच म्हणू नका. आपला श्वास तीन-चार वेळा लांब सोडा आणि बाळाची छाती बघा. ती भराभर हलते, मध्येच अडखळते. या बाळांचं तसंच असतं.

मग ओठ मिटून "म्म्म" असा एकच सूर, श्वास संपेपर्यंत. थांबा. चेहरा बघा. बाळ तसंच निवांत राहिलं तर पुन्हा. हळूहळू दोन सुरांवर, मग चालीवर या. दर ओळीनंतर श्वासाइतकी जागा सोडा. नवख्या आया ही जागा सोडत नाहीत, गाणं संपवायच्या मागे लागतात, आणि बाळाला सावरायला वेळच मिळत नाही.

संपवताना एकदम तोडू नका. शेवटच्या ओळी आणखी हळू, मग पुन्हा नुसतं "म्म्म", मग गप्प. सुरुवातीला पाच मिनिटं भरपूर झाली. मोठ्या, सावरलेल्या बाळाला पंधरा-वीस मिनिटं. दिवसातून दोनदा ठरावीक वेळी आलात तर उत्तम.

बाळ काय म्हणतंय ते बघा

हा भाग जमला तर बाकीचं चुकलं तरी चालेल.

आवडतंय तेव्हा कपाळाची आठी जाते, मुठी सैल होतात, हात तोंडाकडे जातो, ओठ चोखल्यासारखे हलतात, श्वास एकसारखा होतो. कधी डोळे उघडून स्थिर बघतं.

पुरे झालं तेव्हा बोटं पंख्यासारखी ताणून पसरतात, हात "थांब" म्हटल्यासारखा वर येतो, पाठीची कमान होते, मान वळते. उचक्या, शिंका, एकामागून एक जांभया याही थकल्याच्या खुणा. जांभई आली म्हणजे झोप येतेय, गाणं लागू पडलं, असं समजून आया आणखी जोरात गातात. तिथे थांबायला हवं. त्वचा पांढुरकी, ठिपकेदार किंवा निळसर होणं, श्वास थांबणं, मॉनिटरवर सॅचुरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, उतरणं, यातलं काही दिसलं तर ताबडतोब गप्प व्हा आणि सिस्टरला बोलवा. तुमच्या गाण्यानंच झालं असं नाही. या बाळांना श्वास विसरायची खोड असते. पण त्या क्षणी त्याला शांतता हवी.

मॉनिटरकडे बघत गाऊ नका. आकडा ९४ वरून ९२ झाला की आईचा आवाज कापतो. आकडे सिस्टर बघतील, तुम्ही चेहरा बघा.

कांगारूत गाणं

छातीशी धरून गाणं हा सगळ्यांत चांगला प्रकार. कांगारूची पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी सुरू केली, पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या शिफारशींत दिवसाला ८ ते २४ तास कांगारू द्यावं असं म्हटलंय. इस्रायलमधल्या २०१४ सालच्या एका अभ्यासात कांगारूत आईनं गायलं तेव्हा, नुसत्या कांगारूपेक्षा, बाळाच्या हृदयाची लय जास्त स्थिर राहिली आणि आईची घालमेल कमी झाली.

बाळ उभं, दोन स्तनांच्या मध्ये, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं. पाय बेडकासारखे. बांधून झाल्यावर दहा मिनिटं काही करू नका. पेटीतून बाहेर आल्याचा धक्का त्याला पचू द्या. मग गुणगुणा. इथे आवाज आणखी कमी लागतो, कारण छातीची थरथर त्याच्या अंगाला लागते. पुटपुटल्याइतकं पुरतं.

वडिलांनीही कांगारू द्यायचं, आणि गायचंही. पुरुषाचा खर्जातला आवाज छातीत चांगला घुमतो. अडचण लाजेची असते. शेजारच्या कॉटवरच्या बायका बघतात, मग बाप मान खाली घालून मोबाइल चाळतो. त्याला म्हणावं, गाऊ नको, आज शेतात काय चाललंय ते बाळाला सांग, हळू आवाजात: केळीला पाणी दिलं, वीज रात्रीची आली. दोन दिवसांत तो आपसूक गुणगुणू लागतो. तसंच सासऱ्यांसमोर सुनेला गाता येत नाही. त्या वेळी घरच्या मोठ्यांनी बाहेर चहाला जावं, हे सिस्टरनंच सांगितलेलं बरं.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा कांगारूत वरून जाड गोधडी नको. टोपी, मोजे, लंगोट आणि पातळ सुती कापड पुरे. बाळाची मान घामेजली किंवा पाठ तापली तर वरचं कापड सैल करा.

दूध आणि सुया

चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. तोवर नळी, मग वाटी-चमचा किंवा बोंडलं. अंगावर घ्यायला सुरुवात झाली की पाजताना गाऊ नका. त्याचं सगळं लक्ष त्या तीन कामांत लागलेलं असतं. आधी गा, मग पाजा.

टाचेतून रक्त घेताना आईनं जवळ राहावं का, यावर मतं वेगवेगळी ऐकाल. इटलीतल्या आओस्ता इथं २०२१ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात आई त्या वेळी बोलत राहिली तर बाळाच्या वेदनेच्या खुणा कमी दिसल्या. आईला बघवत असेल तर थांबावं. बघवत नसेल तर नंतर येऊन गावं, त्यात कमीपणा नाही.

आई लांब असेल तेव्हा

असं खूपदा होतं. सिझर तालुक्याच्या गावी, बाळ १०८ मधून जिल्ह्याला, आई टाक्यांमुळे चार दिवस तिकडेच. मग मोबाइलवर आवाज मागवा. रेकॉर्ड करताना पंखा बंद, दार बंद, पाच मिनिटं, वर सांगितलं तसंच हळू. ऐकवताना मोबाइल पेटीत घालायचा नाही, कानाशी धरायचा नाही. तो पुसून, स्वच्छ पिशवीत घालून, पेटीबाहेर झरोक्याशी, आवाज सगळ्यांत खाली ठेवून वाढवत न्या, जेमतेम ऐकू येईपर्यंत. आणि कुणीतरी जवळ बसून बाळाकडे बघत राहायला हवं. लावून निघून जायचं असेल तर लावूच नका.

तुमचा स्वतःचा जीव

पहिल्यांदा गाताना बहुतेक आयांचा गळा भरून येतो आणि दुसऱ्या ओळीला रडू फुटतं. रडा. बाळाला त्यानं काही होत नाही. मागे सरका, डोळे पुसा, जमलं तर पुन्हा "म्म्म" करा, नाहीतर उद्या. आवाजच फुटत नसेल तर नुसतं बाळाशी बोला, घरी कोणकोण वाट बघतंय ते सांगा. कुणावर गाण्याची सक्ती करू नये; सासूनं तर अजिबात नाही.

एखाद्या दिवशी तुम्ही गायलात आणि रात्री बाळाचा ऑक्सिजन वाढवावा लागला, असंही होईल. दोन्हींचा संबंध लावत बसू नका. या बाळांची चाल अशीच दोन पावलं पुढे, एक मागे.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण जात नाही, बाळाजवळ जावंसंच वाटत नाही किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, तर ते बाळंतपणाच्या थकव्यावर ढकलू नका. गाण्यानं ते भागणार नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर कधीही फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलतात. हे बापालाही लागू.

घरी आल्यावर

घरी आलं की भेटायला रांग लागते आणि टीव्ही चालू राहतो. सव्वा महिना बाळंतिणीची खोली वेगळी ठेवायची आपली रीत इथे कामाला येते, फक्त धुरी देऊ नका; कमी दिवसांच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. कूलर बाळाच्या डोक्याशी नको. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, वारा अंगावर थेट नको. लग्नसराईत डीजे येणार असेल तर त्या रात्री बाळाला घेऊन मागच्या खोलीत किंवा लांबच्या घरी जा. त्याच्या कानात कापूस कोंबून भागत नाही.

गाणं तेच ठेवा जे पेटीशी गायलात. झोपवताना तीच चाल, तोच क्रम. कापडाच्या झोळीत मान छातीवर दुमडते आणि श्वास अडतो, म्हणून या बाळाला सपाट अंथरुणावर, पाठीवर झोपवा.

शेवटचं, कान आणि डोळे. एसएनसीयूत राहिलेल्या बाळाला ऐकू न येण्याचा धोका जास्त असतो: काही अँटिबायोटिक्स, जास्त झालेली कावीळ, लांबलेला मुक्काम अशी कारणं असतात. "टाळी वाजवली, दचकलं, म्हणजे ऐकू येतं" ही तपासणी नव्हे. महिन्याच्या आत कानाची मशीनवरची तपासणी, म्हणजे ओएई आणि बेरा, करून घ्या. त्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत. ३४ आठवड्यांच्या आत झालेल्या किंवा दोन किलोखालच्या बाळाची डोळ्याच्या पडद्याची तपासणीही पहिल्या महिन्यातच करायची असते. डिस्चार्ज कार्डावर या तारखा लिहून दिल्यात का ते रुग्णालय सोडण्याआधी बघा, नसतील तर लिहून मागा. घरी येणाऱ्या आशाताईंना कार्ड दाखवा; जिल्ह्याच्या डीईआयसीत (लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराच्या केंद्रात) कुठल्या वारी जायचं ते त्या विचारून सांगतात.